घंगाळावरचं नाव

२०२२ साली मी शहात्तर वर्षांचा होतो, आणि नाशिकच्या भांडी बाजारात माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही अशी माझी समजूत होती. त्या वर्षी चैत्रात कंडक्टर आमच्या दुकानाची पायरी चढले आणि ती समजूत गेली.

ते आता नाहीत. गेल्या माघात उतरले. उतरले हा शब्द त्यांचाच. तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते. रिटायर झाले, पण गाडी काही डोक्यातून गेली नाही. माणूस जन्मला की चढला आणि मेला की उतरला. तान्हेपणी गेलेलं मूल म्हणजे हाफ तिकीट. "आमच्या आजीची चार हाफ तिकिटं, काका. चारही हरसूलच्या घाटात उतरली," असं ते सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला हसावं का काय करावं ते कळायचं नाही.

आवाज असा, की समोर बसलेल्या माणसाशी बोलतानाही मागच्या सीटपर्यंत जावा. आणि एक सवय. बोलणं थांबवायचं असलं की हाताशी असेल त्या भांड्यावर बोटाच्या पेराने एकदा टक करायचे. निघायचं असलं की दोनदा, टक टक. डबल बेल. डबल बेल झाल्यावर वाक्य अर्धं राहिलं असलं तरी थांबायचे नाहीत.

आता माझं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण नाशकात जेवढी नावं मी लिहिली तेवढी कुठल्या मास्तराने लिहिली नसतील. लग्नाची भांडी घेतली की त्यावर नाव घालायचं, कुणी दिलं, कुणाला दिलं. आता पोरगा मशीनने घालतो, घर्र घर्र, दोन मिनिटांत. मी छिन्नी-हातोडीने घातली, पन्नास वर्षं. मी डावखुरा. डाव्या हाताचा ठोका उलटीकडून पडतो, त्यामुळे माझ्या अक्षराचा कल वेगळा. माझं काम मी अंधारात बोट फिरवून ओळखतो. दुसऱ्यांचंही ओळखतो. या बाजारातला कुठलाही जुना हात दाखवा, कोणाचा ते सांगीन, असं मी छाती ठोकून म्हणायचो.

हे कंडक्टरांच्या कानावर गेलं असणार. पहिल्या दिवशी आले ते पिशवीतून काळंकुट्ट पातेलं काढूनच.

"काका, जुन्या भांड्यावरची नावं वाचता येतात का तुम्हाला?"

"मला विचारता? अर्धी मीच घातलीत."

"मग राहिलेली अर्धी कोणी घातली ते सांगा."

असा माणूस. मी पातेलं उजेडाला धरलं, हात ओळखला, कोणत्या आळीतला कारागीर, साधारण कुठल्या सुमाराचं काम, सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, चहा पाजला, टक टक केलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी अकराला परत हजर. तेव्हापासून पालथ्या हंड्यावर बसायची ती जागा त्यांची झाली.

त्यांना घराण्याचा इतिहास लिहायचा होता. आता हे वेड पुष्कळांना लागतं म्हातारपणी. पण बाकीचे लोक कुठं थांबतात, आजोबा-पणजोबा सापडले की थांबतात. कंडक्टर गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीवरच्या, गुरुजींकडे जाऊन आले होते. तिथल्या वहीत बाप, आजा, पणजा, खापरपणजा, सगळे सापडले, हातच्या सह्यांसकट. आणि बायका? प्रत्येक सहीपुढे एकच शब्द, सहकुटुंब.

"काका, गाडीत बावन्न माणसं आणि हिशोबाच्या कागदावर लिहिलं, एक इसम आणि इतर. साहेबाने मला घरी पाठवला असता."

मग त्यांच्या डोक्यात भांडी आली. वहीत पुरुष असतात, भांड्यावर बायका. हिच्या लग्नात मामाने दिलं, तिच्या लग्नात आत्याने दिलं. झालं. नातेवाईक जिथं जिथं होते तिथं हा माणूस पिशवी घेऊन फिरला. दार उघडलं की नमस्कार नाही, चमत्कार नाही, "जुनी भांडी आहेत का?" नांदगावला एका सुनेने भंगारवाला समजून फुटकी बादली आणून दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "हिच्यावर कुणाचं नाव नाही बाई. माळ्यावरचं दाखवा."

लासलगावला त्यांच्या चुलतभावाच्या नातीची हळद होती. घरची मोठी भांडी माळ्यावरून काढलेली. सगळे मांडवात, कंडक्टर मागच्या अंगणात एकेक पातेलं पालथं घालतायत. आचारी ओरडला, "ओ दादा, भात टाकायचाय, तुमचं काय हरवलंय का?" हे म्हणाले, "हो. सुंदराबाई." आचाऱ्याने नवरीच्या मामाला बोलावलं, एक माणूस बायकांची चौकशी करतोय म्हणून. तोवर यांना नाव मिळालं होतं. आणि मिळालं म्हणून गप्प बसतील तर ते कसले. बँडवाल्याच्या हातातला माईक घेतला आणि सगळ्या मांडवाला सांगितलं की या घरात सुंदराबाई नावाची एक बाई चढली होती, तिला कुणी विचारत नाही, आणि आज तुम्ही जो भात खाणार तो तिच्या पातेल्यात शिजणार आहे. पोरं हसली. पण नवरीची आजी जेवली नाही, पातेल्यापाशी जाऊन बसली. सुंदराबाई तिची सासू. चाळीस वर्षांत कुणी नाव घेतलं नव्हतं, नुसतं म्हातारी म्हणायचे.

मोबाईलवर त्यांनी भाऊबंदांचा ग्रुप काढला होता. रोज पहाटे साडेपाचला एक पूर्वज पाठवायचे. एक पुतण्या वैतागला. "काका, साडेपाचला पणजी कशाला पाठवता?"

"पणजी साडेपाचलाच उठायची."

लोक ग्रुप सोडून जायचे, हे परत घ्यायचे. म्हणायचे, चालत्या गाडीतून उतरता येत नाही.

पण त्यांचा खरा नेम वेगळाच होता. वंशावळ त्यांनी जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदांवर काढली होती, दहा-बारा कागद एकाला एक चिकटवून. प्रत्येक माणसाला एक चौकोन. आणि चौकोनात नाव लिहिलं म्हणून ते पक्कं नाही. तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच त्यांनी जपून ठेवला होता. नावाला दोन साक्षी मिळाल्या की त्या चौकोनात खट करून भोक. एक साक्ष कागदाची नाहीतर धातूची, दुसरी माणसाच्या तोंडची. दोन्ही लागायच्या. सुंदराबाईचं भोक त्या आजीबाईसमोर पाडलं.

"एक साक्ष असली तर काय बिघडलं?" मी एकदा विचारलं.

"भांडं खोटं बोलत नाही, पण त्याला काही विचारता येत नाही. माणसाला विचारता येतं, पण तो खोटं बोलतो. दोघं मिळून एक तिकीट."

आषाढ लागला तेव्हा ते एक दिवस टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. हंड्यावर बसले नाहीत, उभेच राहिले. टॉवेल सोडला तर आत तांब्याचं घंगाळ. कडीखाली नाव होतं, सौ. शांताबाई. त्याच्या वर चार बोटं जागा घासून गुळगुळीत केलेली.

"हे आमच्या घरातलं," ते म्हणाले. आवाज मागच्या सीटपर्यंत गेला नाही, पहिल्यांदाच. "शांताबाई म्हणजे मला वाढवलं ती आई. माझी जन्म देणारी मी दोन वर्षांचा असताना उतरली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. तिचा फोटो नाही. शाळेच्या दाखल्यावर हिचंच नाव. घरात तिला म्हणायचे पहिली. माझी ही आई फार चांगली होती हो, पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायची, सणावाराला आधी तिला घास काढायची. पण नाव तिलाही माहीत नव्हतं. वडील सांगायचे नाहीत. म्हणायचे, गेली ती, नाव घेऊन काय करायचंय."

मग त्यांनी अविधवा नवमीचं सांगितलं. पितृपंधरवड्यातला तो दिवस नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायांचा. दर वर्षी हे गंगेवर जायचे. गुरुजी विचारायचे, आईचं नाव? हे गप्प. गुरुजी म्हणायचे, माहीत नसलं तर गंगा म्हणा, सगळ्यांची आईच ती. दोन वर्षं म्हणाले. तिसऱ्या वर्षी पाटावरून उठले. "सगळ्यांना एकाच थांब्याचं तिकीट फाडायचं नसतं गुरुजी," असं सांगून ओल्या धोतराने घरी आले. तेव्हापासून हा सगळा शोध. सुंदराबाई वगैरे वाटेवरचे थांबे होते. जायचं इथं होतं.

"वर पहिलीचं नाव होतं. घासलंय. खालचा हात कोणाचा, काका? तो माणूस असला तर त्याने वरचं वाचलं असेल."

मी घंगाळ हातात घेतलं. बोट फिरवायची गरज नव्हती. हात माझा होता.

मी अठराचा होतो तेव्हा. वस्तादांच्या हाताखाली. वस्तादांचा एक नियम, मेलेल्या बाईचं नाव घासायचं नाही. दुसरी आली तर तिचं खाली घाला, पहिलीचं वर राहू द्या. हे सांगितलं की काही गिऱ्हाइकं परत जायची, वस्तादांना फिकीर नव्हती. एक दिवस ते जेवायला गेले आणि एक माणूस घंगाळ घेऊन आला. म्हणाला, वरचं काढ, नवीन घाल, घरात दोन नावं नकोत. मला कानशीचा हात दाखवायची हौस. घासलं, पॉलिश केलं, असं केलं की मलाच जागा सापडेना. खाली नवीन नाव घातलं. तो माणूस खूश होऊन गेला. वस्ताद आले, त्यांनी ऐरणीवरचा तांब्याचा भुगा बघितला आणि सगळं ओळखलं. मारलं नाही. पत्र्याचे तुकडे पुढ्यात टाकले. म्हणाले, जे पुसलंस ते आता यावर घाल, मी थांब म्हणेपर्यंत. दिवेलागणीपर्यंत मी ते एकच नाव घालत होतो. हाताला फोड आले. वस्तादांनी ते तुकडे मोडीत टाकले नाहीत, पिशवीत बांधून गंगेत सोडून आले.

हे सगळं त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि मी कंडक्टरांना म्हणालो, "सांगता येत नाही. जुनं काम आहे."

पोराने मशीन थांबवलं. "बाबा, तुम्हाला सांगता येत नाही?"

"तू तुझं काम कर."

कंडक्टर घंगाळाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी रस्त्याकडे बघायला लागलो. रस्त्यात काही नव्हतं.

"असू द्या," ते म्हणाले. "पुढच्या थांब्याला बघू." टक टक.

का खोटं बोललो? लाज वाटली म्हणावं तर पुरतं खरं नाही. मी या बाजारात मान वर करून बसलेला माणूस. माझ्या हाताचं काम कुणी वाईट म्हटलेलं नाही. आणि हा माणूस ज्यासाठी घरोघर हिंडतोय ते काम माझ्या हातचं निघावं, हे मला सोसेना. दुसरं काही नाही.

त्यानंतर ते रोज येत राहिले. त्याबद्दल एक शब्द काढला नाही. लासलगावचं सांगायचे, ग्रुपवरची भांडणं सांगायचे, हसायचे. मला त्यांचं हसणं सोसवेना. चहात साखर जास्त लागायला लागली, पोरावर ओरडायला लागलो. शेवटी घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घासायला किती वेळ लागला होता?"

"अर्धा तास."

"मग सांगायला दोन महिने कशाला लागतायत?"

आम्हा दोघांत शहाणी तीच.

तरी मी बोललो नाही. भाद्रपद आला, पितृपंधरवडा लागला. अष्टमीच्या दिवशी संध्याकाळी कंडक्टर घंगाळ घेऊन आले आणि सरळ पोरापुढे ठेवलं.

"हे मोडीत घ्या."

पोरगा म्हणाला, "काका, हे तर घरातलं ना?"

"असू दे. वंशावळ छापायला टाकतोय परवा. आईचा चौकोन रिकामाच जाईल. उद्या गंगेवरपण जात नाही. कशाला ठेवू? घ्या, काट्यावर टाका."

पोराने उचललं. मोडीचं भांडं काट्यावर गेलं की तिथून हातोड्याखाली, आणि तिथून भट्टीत. तांब्याचं घंगाळ काट्याला लागल्याचा आवाज झाला आणि माझ्या तोंडून निघालं, "उतरव ते खाली."

पोरगा बघत राहिला. कंडक्टरांनी घंगाळावर एकदा टक केलं. थांबा.

"हात माझा आहे," मी म्हणालो. "खालचं नाव मी घातलं. वरचं मीच घासलं. अठरा वर्षांचा होतो. तुमच्या वडिलांनी सांगितलं, पण नाही म्हणता आलं असतं. वस्ताद नाही म्हणाले असते."

मग मी जे सांगायला लागलो ते कारागिराचं होतं. "नाव वाचता येईल. चांगला कारागीर बाहेरून घासतो आणि आतूनही ठोकून सपाट करतो, कारण छिन्नीचा ठोका पत्र्याच्या आत उठतो. मला वस्ताद यायच्या आत संपवायचं होतं. आतून ठोकायचं राहिलं. आत कागद लावा, वरून पेन्सिल घासा. उलटं नाव उठेल."

माझ्या आयुष्यात मी एकच काम कच्चं केलं, आणि तेच कामाला येणार होतं.

कंडक्टरांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. पेन्सिलीने काळा केलेला.

"आषाढातच केलं मी हे," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "म्हणजे नाव तुम्हाला माहीत होतं? आणि मला विचारत होतात?"

"एक साक्ष होती. एका साक्षीवर पंच होत नाही." मग जरा खाली वाकून म्हणाले, "आणि हात तुमचा हे पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही डाव्या हाताने बिल लिहिता, आणि घंगाळावरच्या अक्षराचा कलही उलटा. काका, तीस वर्षं मी तिकिटं फाडली. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो. तुम्ही रस्त्याकडे बघितलंत."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही उतरून जाणारे नाहीत हे माहीत होतं. वेळ दिला."

"आणि हे घंगाळ खरंच मोडीत देणार होता?"

"छे. गाडी डेपोत नेतो म्हटलं की लपलेला माणूस आपोआप उठतो."

पोरगा हसला. मी त्याच्याकडे बघितलं तशी मशीन पुसायला लागला.

कंडक्टरांनी कागद घडीतच ठेवला, मला दाखवला नाही. वंशावळ उलगडून गल्ल्यावर पसरली. सगळ्या चौकोनांत भोकं, मधल्या एकाला नाही. पंच हातात धरला.

"आता न बघता सांगा, काका. काय घासलं होतं?"

साठाच्या आसपास वर्षं झाली होती. हल्ली मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण दिवेलागणीपर्यंत पत्र्यावर घातलेलं नाव डोक्यात नसतं, हातात असतं. माझा डावा हात गल्ल्यावर आपोआप हलायला लागला.

"सौ. मथुरा," मी म्हणालो. "खाली लहान अक्षरात, नांदगाव."

त्यांनी घडी उलगडली, कागद उलटा करून दिव्यासमोर धरला. होतं तेच. दोन ओळी. आईचं माहेर नांदगाव, आणि तीस वर्षं नांदगावच्याच गाडीवर होता हा माणूस. मग त्यांनी चौकोनात नाव लिहिलं आणि पंच दाबला. खट. भोकाचा बारका गोल कागद गल्ल्यावर पडला, तो उचलून शर्टाच्या खिशात टाकला.

"परत घाला," ते म्हणाले. "वरच्याच जागी. खालचं तसंच राहू द्या, तीही आईच आहे."

"हात कापतो आता. पोरगा मशीनने घालेल."

"मशीनने घासलं होतं का?"

उद्या सकाळी या म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दुकान उघडलं. ट्रंकेतली छिन्नी काढली, घंगाळ मांडीत घेतलं आणि शांताबाईच्या वर मथुरा घातलं. एक काना जरा हलला. कंडक्टर म्हणाले, चालतं, गाडी हलतेच. मी आतून ठोकून सपाट केलं नाही. पुढेमागे कुणी घासलंच, तर राहायला हवं.

मग घंगाळ घेऊन दोघं गंगेवर गेलो. साक्षीदार म्हणून मीही पाटाजवळ बसलो, म्हणजे गुडघे दुखतात म्हणून पायरीवर बसलो. गुरुजींनी पाणी सोडायला सांगितलं, पितरांची नावं घेत घेत या माणसापाशी येऊन थांबले. त्यांना जुना अनुभव असणार, जपूनच विचारलं.

"आईचं नाव?"

कंडक्टरांनी मागच्या सीटपर्यंत जाईल असा आवाज काढला.

"मथुरा."

घाटावरची माणसं वळून बघायला लागली. गुरुजी म्हणाले, हळू म्हटलं तरी पोचतं. कंडक्टरांनी ओंजळीतलं पाणी सोडलं, शेजारच्या घंगाळाच्या काठावर बोटाच्या पेराने दोनदा टक टक केलं, आणि पाटावरून उठले.